अर्धं टाकून उठायचं

बारावीला अर्थशास्त्रात मी दोनदा नापास झाले. एकदा मार्चमध्ये, एकदा जुलैत. बाकीचे विषय पहिल्याच खेपेला सुटले होते, इंग्रजीसुद्धा. त्यामुळे अर्थशास्त्र अडलंय हे सांगितलं की लोकांना ते खोटं वाटायचं. त्रेचाळिसाव्या वर्षी बाहेरून फॉर्म भरून बसलेली बाई नापास झाली तर ती इंग्रजीतच व्हायला हवी, असा त्यांचा हिशेब.

मी वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस होते. अकरा वर्षं झाली होती. सकाळी जाऊन झाडायचं, मुलांना घरोघरून गोळा करायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. सेविका होत्या त्यांना आम्ही सगळे बाई म्हणायचो. त्या मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असेल तर त्या जागेसाठी आधी तिचा विचार होतो, नाहीतर जागा बाहेर जाते, हे त्यांनीच मला दोन वर्षं आधी सांगून ठेवलं होतं आणि फॉर्मही त्यांनीच भरायला लावला होता.

खालच्या वाडीत त्याच सुमारास एक नवी सून आली होती. बी. ए. झालेली, बोलायला नीट, अक्षर सुंदर. ती दोनदा सहज म्हणून अंगणवाडीत येऊन बसून गेली. मुलं तिच्या मांडीवर जाऊन बसली. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, हीच माझी अडचण. बाई एक दिवस मला म्हणाल्या, "ती आली तर तुला ताई म्हणेल, चांगली वागेल. पण चूल तूच पेटवशील. निवृत्त होईपर्यंत." त्या मला घाबरवत नव्हत्या. जे होणार ते सांगत होत्या.

तर तिसरी खेप मार्चची. त्यानंतर मे. या दोन्हींच्या मध्ये दुसरी संधी नव्हती.

मी नापास का झाले, ते आधी सांगते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे भाताची लावणी करताना बायका एकदा खाचरात उतरल्या की ते खाचर पुरं लावून झाल्याशिवाय बांधावर चढत नाहीत. पाऊस कोसळू दे, घरून जेवण येऊन पडू दे, कंबर मोडू दे. त्याला कारणं आहेत. उपटलेलं रोप दुसऱ्या दिवशी टवटवीत राहत नाही. एकदा पाठ सरळ केली की परत वाकत नाही. आणि अर्धं लावलेलं खाचर रस्त्यावरून दिसतं. येणारा-जाणारा विचारतो, या घरात काय झालं? कारण अर्ध्यातून बायका उठतात त्या, घरात कुणी गेलं तरच. लग्न होऊन आल्यावर पहिल्या पावसात माझ्या मोठ्या जावेने मला हे शिकवलं. मी तिला अक्का म्हणते. तिच्या बरोबरीने मी वीस-बावीस पावसाळे लावणी केली आणि एकदाही अर्ध्यातून उठले नाही.

हेच मी अभ्यासाला लावलं. दुसरी रीत मला माहीत नव्हती. पहिला धडा हातात घेतला तो पुरा येईपर्यंत दुसरा उघडायचा नाही. मागणीची लवचीकता या एका धड्यात माझे अकरा दिवस गेले. आकृत्या तोंडपाठ, व्याख्या तोंडपाठ, शेवटचे पाच धडे मात्र परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत नवे कोरे.

आणि पेपरातही तेच. पहिल्या वर्षी दुसऱ्या प्रश्नात फरक स्पष्ट करा म्हणून एक उपप्रश्न होता. चार मुद्दे लिहायचे. तीन आठवले, चौथा आठवेना. मी बसून राहिले. चौथा मुद्दा आल्याशिवाय पुढे जायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो आला, मी लिहिला, पुढच्या प्रश्नात पुन्हा कुठेतरी अडले. शेवटची घंटा झाली तेव्हा आठ-आठ मार्कांचे दोन प्रश्न, दोन्ही मला येणारे, वाचायचेही राहिले होते. सहा मार्क कमी पडले. जुलैत तर सकाळी खाचरात आणि दुपारी पुस्तकात अशी तऱ्हा होती. तेव्हा नऊ कमी पडले.

माझी मुलगी रत्नागिरीत एका तपासणी लॅबमध्ये कामाला आहे. आठवडाभर मैत्रिणींबरोबर खोलीवर राहते, शनिवारी घरी येते. परीक्षेला नऊ दिवस उरले असताना ती आली, मला ओट्यावर बसवलं आणि दोन्ही वेळचे पेपर मी कसे लिहिले ते पहिल्या प्रश्नापासून विचारत गेली. डॉक्टरकडे पोट दाबून कुठे दुखतं विचारतात तसं. सगळं ऐकून म्हणाली, "आई, तुला येत नाही असं नाय. तू उठत नाहीस."

मग तिने जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्याच्या मागे नऊ दिवस आखले.

चाळीस मिनिटं बसायचं. फोनमध्ये गजर लावायचा. गजर झाला की उठायचं, वाक्य अर्धं असलं तरी. दहा मिनिटं दुसरं काही करायचं, पाणी भर, लाकडं फोड, पण पुस्तकाकडे बघायचं नाही. मग दुसरा धडा घ्यायचा, तोच नाही. पहाटे दोन खेपा, मुलं गेल्यावर दुपारी दोन, दिवेलागणीच्या आधी एक. त्यापुढे नाही. रात्री साडेनऊला झोपायचं. शेवटच्या तीन दिवसांत नवीन काही वाचायचं नाही. मध्ये दोन दिवस पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवायचा. आणि नाणे बाजार, विदेशी व्यापार हे दोन धडे सोडून द्यायचे.

"सोडून द्यायचे म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे वाचायचेच नाहीत."

यावर आमची बरीच वादावादी झाली. चाळीस मिनिटांचं मी एक वेळ मान्य केलं असतं. पण दोन धडे उघडायचेच नाहीत, हे मला शेतात दोन खाचरं पडीक ठेवायला सांगण्यासारखं वाटलं. ती म्हणाली, पास व्हायला किती लागतात आणि उरलेल्या नऊ धड्यांत किती मिळतात, तू मोज. मी मोजले. तिचं बरोबर निघालं. तरी मला ते पटलं नाही, फक्त मी वाद सोडला.

पहिले दोन दिवस मी फसवाफसवी केली. गजर झाला की बंद करायचा आणि म्हणायचं, एवढा परिच्छेद झाला की उठते. तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत चुलीपाशीच पुस्तक उघडलं होतं, तेव्हा निर्देशांकाच्या मधोमध उठले, खरोखर वाक्याच्या अर्ध्यात, कारण खिचडी लागत होती. डाव फिरवता फिरवता ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यात नुसतं वळवळत राहिलं. मुलांना वाढेपर्यंत त्याचा पुढचा भाग आपोआप जुळला होता. पुस्तक न बघता. बाईंना मी तो म्हणून दाखवला. त्या रजिस्टरात वजनं लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मग दोन वर्षं काय करत होतीस?"

चौथ्या दिवशी गावकीची बैठक झाली आणि सगळं विस्कटलं.

शिमग्याचे दिवस होते. होळी झाली की आमच्या गावात देवीची पालखी घरोघर फिरते. कुठल्या दिवशी कुठली वाडी ते बैठकीत ठरतं. आमची वाडी ठरली नेमकी पेपरच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. वर्षातून एकदा देवी दारात येते. मुंबईचे सगळे येतात. नवरा माझा मुंबईला छापखान्यात आहे. तो गणपती एक वेळ चुकवेल, शिमगा चुकवणार नाही. पालखी खांद्यावर घ्यायला वर्षभर थांबलेला असतो. तेव्हा घर झाडायचं, भिंतींना रंग, अंगण चोपून सारवायचं, पाहुण्यांचं अंथरूण-पांघरूण, ओटीचं सामान, प्रसादाचं जेवण. दोन जावांचं एकच अंगण, त्यामुळे काम दोघींचं.

मी जुन्या वळणावर गेले. म्हटलं, हे घराचं काम एकदा आटपून टाकू, मग उरलेले दिवस मोकळे. पान चुलीमागे खोचून ठेवलं आणि दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. माळा काढला, भांडी घासली, भिंती रंगवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणासाठी माती कालवून ठेवली आणि पाठीने दगा दिला. वाकले ती सरळ होईना.

पडून राहिले असताना मुलीचा फोन आला. किती खेपा झाल्या विचारलं. मी खरं सांगितलं. मग ती म्हणाली, "तू काम पुरं करून मोकळी होतेस ना, तशी मे महिन्यात मोकळी हो. मग बस चुलीपाशी."

मुलीने आईशी असं बोलू नये. पण मी तिला काही बोलले नाही, कारण ते मी स्वतःला बोलायला हवं होतं. मनात भीती शिरली ती त्या दिवशी. आधीच्या दोन वेळांना परीक्षेची भीती वाटली नव्हती, राग यायचा. या वेळी मला स्पष्ट दिसलं की मी तिसऱ्यांदा तेच करतेय. शिकूनसुद्धा तेच करतेय.

तिने पान पुन्हा आखलं, फोनवरूनच, मी लिहून घेतलं. आता चारच दिवस. पेपर दोनऐवजी एकदाच सोडवायचा. सोडायच्या धड्यांत सार्वजनिक वित्तही गेलं, त्यातले फक्त दोन प्रश्न ठेवले. पाठीला शेक, दिवसाला चारच खेपा, त्या मात्र ठरल्या वेळी. मागे पडलेलं भरून काढायला एकही जास्त नाही. मला वाटलं होतं ती म्हणेल, आता रात्र जागव. ती म्हणाली, झोप कमी केलीस तर उरलेलं पण जाईल.

राहिलं अंगण. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आणि अक्का सारवायला बसलो. आडवी रेघ धरून दोघी एका कडेने निघालो. अंगण निम्मं झालं आणि गजर वाजला. मी हात धुवायला उठले.

अक्का तशीच उकिडवी बसून माझ्याकडे बघत राहिली. "पाठ दुखतेय का गो?"

"नाय. अभ्यासाची वेळ झाली."

"आणि हे?"

"तासाभराने येते परत."

"तोवर हे वाळेल, मग सांधा दिसेल. अर्धं सारवलेलं अंगण देवीला दाखवायचं?"

आल्यावर पुरं करीन म्हणून मी आत गेले. चाळीस मिनिटं बसले. त्यातली वीस तरी बाहेरचा हाताचा घसघस आवाज ऐकण्यात गेली. बाहेर आले तर उरलेलं अंगण अक्काने एकटीने सारवून टाकलेलं. सांधा दिसतच होता. तिचा हात मोठा, गोल फिरतो. माझा आखूड. बरोबर मधोमध एक रेघ होती, तिच्या एका बाजूला मी आणि एका बाजूला ती. तिने माझ्याशी त्या दिवशी बोलणं टाकलं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण उरकता येतं.

दुपारी अंगणवाडीत मुलं गेल्यावर घड्याळ समोर ठेवून मी पेपर सोडवला. चिमुकल्या बाकावर गुडघे वर करून. चौथ्या प्रश्नात अडले. पेन तिथेच थांबलं. मला माहीत होतं की पुढे जायचंय आणि हात जात नव्हता. बाई कपाट लावता लावता बघत होत्या. जवळ आल्या आणि त्यांनी माझ्या वहीचं पान उलटलं. कोऱ्या पानावर मला पुढचा प्रश्न लिहावाच लागला. मागे अर्ध्या पानाची जागा सुटली. त्या दिवशी पहिल्यांदा माझा पेपर शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचला.

नवरा पेपरच्या दोन दिवस आधी आला. पालखीच्या दिवशी दुपारपासून घर माणसांनी भरलं. मी पुरणाचं जेवण रांधलं, चारच्या सुमारास आकृत्यांची पानं एकदा चाळली आणि वही पिशवीत घातली. मुलगीही आली होती. तिने पिशवी स्वतःच्या ताब्यात ठेवली. दिवेलागणीला खबर आली की पालखी वरच्या वाडीत अडकली. तिकडे प्रत्येक अंगणात ती नाचवली गेली होती, खांदेकरी दमले होते. तिथेच वस्ती करून देवी उद्या सकाळी आमच्याकडे येणार.

उद्या सकाळी. पेपर अकराला. पूर्णगडच्या बाजूने येणारी आठची गाडी धरली तर रत्नागिरीत वेळेवर. त्यानंतरची धरायची म्हणजे वाटेत काही झालं तर संपलं.

सगळे माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. नवरा मला मागच्या दारी घेऊन गेला. तो ओरडणारा माणूस नाही. म्हणाला, "पेपर काय, परत येतो. देवी वर्षाने येते."

मी म्हटलं, "पेपर पण वर्षानेच येतो. मधला जुलैत येतो तेव्हा लावणी असते आणि तुम्ही नसता. आणि या वर्षी जुलै चालणार नाही."

"ओटी कोण भरणार?"

"अक्का आहे."

"ती बोलतेय का तुझ्याशी?"

"माझ्याशी नाय बोलत. देवीशी बोलेल."

त्याने मान हलवली. ती होकाराची की कंटाळ्याची, मला कळलं नाही. मी साडेनऊला झोपले. म्हणजे आडवी झाले. झोप लागली नसेल, पण उठून वही काढली नाही, एवढं नक्की.

सकाळी सात वाजल्यापासून ढोल ऐकू यायला लागला. मी ओटीचं ताट भरून ठेवलं, खण, नारळ, तांदूळ, आणि ते अक्काच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. ती चुलीशी होती. मी म्हटलं, "अक्का, माझ्या नावाने भरा." तिने ताट बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी आहे, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, दोन्ही बाजूंना गडगा, नुसते दगड रचलेली भिंत. दोन माणसं जेमतेम शेजारून जातात. वरची वाडी रस्त्यापलीकडे आहे. म्हणजे पालखी आमच्याकडे यायची ती त्याच पाखाडीने वर. मी खाली उतरतेय आणि निम्म्या वाटेवर निशाणं दिसली. मागून ढोल, सनई, मागून पालखी, मागून पन्नास-साठ माणसं.

पुढे मानकरी होते. नात्याने माझे चुलतसासरे लागतात. मला पिशवी घेऊन खाली येताना बघून ते थांबले. "देवी घरी येतेय आणि घरधनीण पळतेय?" मोठ्याने म्हणाले. मागची माणसं हसली.

"दोन वाजता सुटते, काका. तेवढी थांबवून ठेवा."

पुन्हा हशा झाला, पण वाट काही मिळेना. मागचे पुढे रेटत होते. मी पालखीपुढे डोकं टेकलं आणि बाजूला होऊन गडग्यावर चढले. पायाखालचे दगड हलत होते. पिशवी डोक्यावर धरून मी एकेक पाऊल टाकत निघाले. देवी शेजारून वर जातेय आणि मी तिच्या उंचीवरून खाली. असं कुणी करत नाही. माझ्या मागे बायकांत कुजबूज झाली ती मला ऐकू आली, शब्द कळले नाहीत. बरं झालं.

पालखीच्या डाव्या दांड्याला नवरा होता. पहाटेच जाऊन लागला होता. गुलालाने ओळखू येत नव्हता. मी त्याच्या बरोबरीला आले तिथे गडगा ढासळलेला होता, पुढे पाय ठेवायला जागा नाही. त्याने वर बघितलं आणि दांडा खांद्यावर ठेवूनच पलीकडच्याला उजवीकडे रेटलं. पालखी हातभर तिकडे झुकली. तेवढ्या फटीतून मी खाली उतरले आणि निघून गेले.

गाडी मिळाली. केंद्रावर पोचले तेव्हा पायाला गडग्याचा ओरखडा होता आणि पदराला गुलाल. शेजारच्या बाकावरची पोरगी माझ्या मुलीपेक्षा लहान. ती शेवटच्या मिनिटापर्यंत पानं उलटत होती. ओठ पांढरे पडले होते. मला तिला सांगावंसं वाटलं की मिट ते. सांगितलं नाही. दोनदा नापास झालेल्या बाईचं कुणी का ऐकावं?

पेपर ठीक होता. सोडलेल्या धड्यांवरचा एक प्रश्न आठ मार्कांचा होता. पण त्याला पर्याय होता. दुसरा प्रश्न आला. फरक स्पष्ट करा. दोन मुद्दे लिहिले, तिसरा येईना. मी पेन खाली ठेवलं. घड्याळ बघितलं. मग चार ओळींची जागा सोडली आणि पुढचा प्रश्न लिहायला घेतला.

हे लिहायला सोपं आहे. तिथे नव्हतं. मागच्या चार ओळी पांढऱ्या दिसत राहिल्या, पान उलटेपर्यंत. निर्देशांकाचा प्रश्न लिहिला. बाजाराचे प्रकार लिहिले. आकृती पट्टीने काढली. मोठे दोन प्रश्न पुरे लिहिले. घंटेला तीन मिनिटं असताना मागे आले. तिसरा मुद्दा तेव्हाही आला नाही. चार ओळी तशाच ठेवून मी पेपर दिला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी अर्धं हातातून दिलं.

घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. पालखी पुढच्या वाडीत गेली होती. नवरा तिच्याबरोबर, मुलगी शेवटच्या बसने रत्नागिरीला जायला तयार. अंगणात गुलाल, पायांचे ठसे, नारळाच्या शेंड्या. मधली सांध्याची रेघ माणसांच्या पायांनी पुसून गेली होती. माझं ताट अक्काच्या ओट्यावर रिकामं उलटं घालून ठेवलेलं.

अक्का केरसुणी घेऊन अंगण झाडत होती. मी दुसरी घेतली. थोडा वेळ दोघी झाडत राहिलो. मग मीच म्हटलं, "मी नव्हते ते बरं दिसलं नसेल."

"देवीने नाय विचारलं," ती म्हणाली. "लोकांनी विचारलं."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, अर्ध्यातून उठून गेली."

एवढंच. तिच्या तोंडून हे काय अर्थाने आलं ते मी अजून ठरवू शकलेले नाही. पण ती बोलली. मुलगी पाखाडी उतरताना ओरडून विचारत होती किती सोडलं म्हणून. मी म्हटलं, चार ओळी. ती म्हणाली, चालेल.

मे महिन्यात निकाल लागला. अर्थशास्त्रात बेचाळीस. बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी माझा अर्ज गेला आणि जूनच्या शेवटी आदेश आला. खालच्या वाडीची सून मदतनीस म्हणून आली नाही. ती कशाला येईल? ती रत्नागिरीला कुठेतरी लागली. वाटेत भेटली की मला ताई म्हणते, चांगली बोलते. मी तिच्या जागेवर बसलेय की माझ्या, याचा विचार मी करत नाही. मुलांची वजनं करायची असतात.

परीक्षा जवळ आली की आता वाडीतल्या पोरी येतात, ताई, शेवटच्या दिवसांत कसा अभ्यास करू विचारायला. मी त्यांना गजर लावायला सांगते, दोन धडे सोडायला सांगते, झोपायला सांगते. त्या माना हलवतात आणि घरी जाऊन पहिल्या धड्यावर जागत बसतात. मला ते दिसतं. त्यांच्या आयांनीही त्यांना खाचरात उतरवलेलं असतं.

त्या जुलैत लावणीला आम्ही दोघी नेहमीसारख्या उतरलो. ओढ्याकाठचं मोठं खाचर, आमच्या दोघींचं. एकाच्या सुमारास फोन वाजला. दोन वाजता सेविकांची बैठक आहे, रजिस्टर घेऊन या. खाचर निम्मं झालं होतं. मी हातातली रोपांची जुडी पुरी लावली, मग दुसरी उचलली नाही. बांधावर चढले. ओढ्यात पाय धुतले. मागे वळून बघितलं तेव्हा अक्का वाकलेलीच होती, पाठ सरळ न करता, तिच्या बाजूने लावत, माझ्या बाजूचं पाणी तसंच मोकळं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलने चाललं होतं आणि खाचराकडे बघत होतं.

मी छत्री उघडली आणि निघाले.